लहान उपकार
(महोत्सवप्रसंगी फ्रीगंज येथे केलेले भाषण)



उपकारस्तुती म्हटली की दुखण्यातून उठल्याची, मुलाला नोकरी लागल्याची आठवण होते. नळाला पाणी आले म्हणून कोणी गुडघे टेकीत नाही. गंभीर धरणाचे पाणी तळाला गेले त्या उन्हाळ्यांत मात्र आपल्या फ्रीगंजात एका घागरीचे मोल सर्वांना कळले होते. पाऊस पडला आणि आपण विसरलो.

प्रभूने जवाच्या पाच भाकरी हाती घेऊन उपकार मानले, तेव्हा समोर पाच हजार पुरुष बसले होते. भाकरी पुरून उरल्यावर नव्हे, अपुऱ्या होत्या तेव्हाच मानले. मागाहून उरलेले तुकडेही बारा टोपल्या भरून वेचविले. हे वेचणे आम्हांला फार मोठे वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना कोरभर भाकरीची किंमत कोणी शिकवावी लागली नसेल.

आमचे काय? ताटावर डोळे मिटून देवाचे उपकार मानतो आणि डोळे उघडताच भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरतो. पहाटे उठून पाणी भरणारी, रांधणारी समोरच उभी असते. तिला आजवर आम्ही आभाराचा एक शब्द बोललो नाही, हे सांगताना लाज वाटते. आज घरी जाऊन तो बोलायचा आहे. जड जाईल, हेही ठाऊक आहे.