तयार गाडी हाती देताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला काही जणींनी आपापल्या घरच्या धंद्याविषयी बोलावे असे ठरले आणि चिठ्ठीत माझे नाव निघाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, तेव्हा घरात बोलते तशीच बोलणार आहे. आमचे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेली अठरा वर्षे दुपारचे आवरून मी तिथल्या टेबलापाशी जाऊन बसते. गाडी दुरुस्त करणे हे ह्यांचे आणि मिस्त्रींचे काम. तयार झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देणे हे माझे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? पैसे घ्यायचे नि किल्ली द्यायची! पण आपले पनवेल कुठे वसले आहे ते पाहा. इथून एक रस्ता खोपोलीवरून बोरघाट चढतो. त्या घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, आणि आता शेजारून द्रुतगती मार्गही जातो. दुसरीकडे गोव्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आपल्या गावापासूनच सुरू होतो. म्हणजे आमच्या फाटकातून निघालेली गाडी तासाभरात घाटात असायची. तिथे ब्रेक लागला नाही तर सांगायला परत कोण येणार?

ब्रेकचेच घ्या. मोटारीच्या पुढच्या चाकात एक लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरत असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पॅड झिजले की नवे घालायचे. नवे पॅड जाड असतात, म्हणून त्यांना जागा करण्यासाठी आतला पिस्टन मागे सारावा लागतो. अशा गाडीत बसून पहिल्यांदा पाय दिला तर तो सरळ तळाशी जातो आणि ब्रेक लागतच नाही! उभ्या गाडीतच चार-पाच वेळा पाय मारला म्हणजे पॅड तबकडीला भिडतात आणि पायाला घट्टपणा लागतो. काम चोख झालेले असते, सामान नवे असते, आणि एवढे करायचे राहिले तर गाडी मागे घेताना भिंतीवर जाईल, नाहीतर मागच्या पोरावर. म्हणून ब्रेकला हात लागलेली गाडी मिस्त्रीने स्वतः फिरवून आणल्याखेरीज मी किल्ली देत नाही. देतानाही सांगते, की पहिले दोनतीनशे किलोमीटर, गरज पडल्याशिवाय जोराचा ब्रेक मारू नका, पॅड बसू द्या. चाक काढून घातले असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळलेले आहेत का ते पाहून घ्या.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात ही शिस्त पाळणे कठीण होते. कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. घरची मंडळी फाटकात सामान घेऊन उभी, लहान मुले रडताहेत, आणि जो तो म्हणतो, “वहिनी, ट्रायल राहू द्या, पुढे कशेडी घाट गाठायचा आहे.” मागे एका गृहस्थांनी असाच हट्ट धरला. मी म्हटले, “दादा, चहा घ्या. चहा संपेपर्यंत फेरी होते.” ते रागावले. पण फेरीत गाडी डावीकडे ओढते असे मिस्त्रीला जाणवले. पाहतो तो टायरात खिळा रुतलेला, आणि हवा हळूहळू उतरत होती. पंक्चर काढायला वीस मिनिटे लागली. गृहस्थ चहाचा दुसरा कप पिऊन गेले.

बदललेला जुना भाग आम्ही नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकासमोर ठेवतो. शिंप्याने उरलेले कापड परत दिले की आपल्याला कसे बरे वाटते, तसेच ते आहे. बॅटरीचे मात्र निराळे. जुनी जमा करून तिची किंमत बिलातून वजा होते. बिल मी ओळीने वाचून दाखवते. ठरल्याहून जादा काम निघाले तर आधी फोन करून विचारते, मागाहून नव्हे. गाडी घेताना किती किलोमीटर झाले होते आणि पेट्रोलचा काटा कुठे होता ते कार्डावर लिहिलेले असते, ते देताना पुन्हा पाहायचे. आणि गाडी धुणाऱ्या पोराला बजावून ठेवले आहे की समोरच्या देवाचा वाळलेला हारही विचारल्याशिवाय काढायचा नाही. यावरून किती भांडणे होतात हे सांगितले तर तुम्ही हसाल.

आता पैशांचे. एकदा एका गिऱ्हाइकाने त्या वेळच्या कामाचे पैसे पुरते दिले, पण मागच्या गाडीचे थकले होते. हे म्हणाले, “सगळे चुकते होईपर्यंत गाडी सोडू नकोस.” मला ते पटेना. ओळखीच्या वकिलांना विचारले. त्यांनी १८७२ सालच्या करार कायद्याचे १७० वे कलम समजावून सांगितले. वेगळा करार नसेल तर, ज्या वस्तूवर आपण कष्ट आणि कसब खर्चून काम ठरल्याप्रमाणे पुरे केले, ती त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ठेवून घेता येते. मागल्या दुसऱ्या कामाच्या थकबाकीसाठी ही गाडी अडवता येत नाही. कायद्यात दाखलेही दिले आहेत. जवाहिऱ्याकडे हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो ठेवू शकतो. पण शिंप्याने कोट शिवून होताच देईन आणि पैसे तीन महिन्यांनी घेईन असे कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. आपल्या ब्लाउजांनाही हेच लागू, बरे का! किल्ली मी दिली. ह्यांना दोन दिवस राग होता. जुनी बाकी पुढे दोन हप्त्यांत आली. न येतीही, पण त्यासाठी ती गाडी धरून बसणे रास्त नव्हते.

शेवटचे तुमच्या-माझ्यासाठी. बाई गाडी न्यायला आली की मिस्त्री तिच्याबरोबरच्या पुरुषाकडे बघून बोलतो. तो पुरुष पुष्कळदा तिचा बारावीतला मुलगा असतो! चालवणार ती, पैसे तिचे, आणि समजावणी मुलाला. एक शिक्षिकाबाई अशा वेळी शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, स्कूटर माझ्या नावावर आहे.” तेव्हापासून आमच्याकडे ताकीद आहे, की जिच्या हाती किल्ली, तिच्याशी बोलायचे. तुम्हीही कुठल्याही गॅरेजात विचारायला संकोचू नका. काय बदलले, जुने कुठे आहे, ट्रायल कोणी घेतली, पुन्हा केव्हा यायचे, हे विचारा. कोणी हसले तर हसू द्या. फाटकाबाहेर काढण्याआधी जागच्या जागी ब्रेक दाबून पाहा, दिवे आणि हॉर्न पाहा.

आपल्यातल्या निम्म्याअधिक जणी आता स्कूटरवर येतात. माझी बाहेर पायरीशी उभी आहे. हळदीकुंकू आणि फराळ झाल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे; मागच्या ब्रेकची तार किती ढिली असावी आणि केव्हा ती आवळून घ्यायची, ते मी हाताने दाखवते.