झोप लागते का, हे विचारा

२०२१ साली देशात २३ हजारांवर गृहिणींनी आत्महत्या केली, ही सरकारी नोंद. आपल्याकडे 'पोटदुखीला कंटाळून' एवढं लिहिलं की विषय संपतो.

म्हणून आमच्या बचत गटानं स्वतःच घरोघरी विचारायचं ठरवलं. माझ्या कागदावर आधी नुसतं कर्ज नि जमीन. एक मावशी म्हणाल्या, "ताई, झोप लागते का ते विचारा की!" तेव्हा कुठं बायका बोलत्या झाल्या. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता, हेही विचारलं. उत्तरं ऐकून कुलपाच्या पेट्या घ्यायचं गटानंच ठरवलं.

नाव लिहायचं नाही. कुणी 'जगणं नको' म्हणाली, तर कागद बाजूला ठेवायचा, तिला एकटीला सोडायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. तो तिथंच लावून द्यायचा.