न दिसणारी जखम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फौजेतून परतलेल्या माणसाच्या मनाविषयी दोन शब्द सांगावेत, अशी आपण आज्ञा केलीत. आपल्या जालना जिल्ह्यातही अशी घरे आहेत. त्यांतले एक माझे.

१९६५ च्या युद्धात सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. त्यांची जखम लोकांना दिसत होती. मनाची जखम दिसत नाही.

माझे यजमान रात्री दचकून उठत, फटाका वाजला की घामाघूम होत, बाजाराची गर्दी टाळीत. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे भित्रेपणा. दोन्ही खोटे. याच जातीच्या दुखण्याविषयी १९१५ साली इंग्रज डॉक्टर मायर्स यांनी ‘शेल शॉक’ या नावाने लिहिले. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची रीतसर आजारात गणना केली.

यावर गोळ्यांवाचूनही उपचार आहे, आणि तो गंडादोरा नव्हे. शिकलेल्या उपचारकाजवळ बसून, बहुधा आठवड्यातून एकदा, सुमारे तीन महिने, ती भयंकर आठवण थोडीथोडी उलगडून सांगावयाची. जिच्यापासून आपण पळतो ती आठवण ताजीच राहते. सुरक्षित जागी पुनःपुन्हा सांगितली, की ‘ते तेव्हा घडले, आता घडत नाही’ हे मनाला उमगू लागते. टाळलेल्या जागीही हळूहळू जावयाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा उपचारांची शिफारस केली आहे.

आपण घरी काय करावे? झोपेत दचकला तर अंगाला हात लावू नये, लांबून हाक मारावी. युद्धाचे खोदखोदून विचारू नये. तो आपणहून बोलू लागला, तर हातचे काम ठेवून ऐकावे. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत. जीव नकोसा झाला असे तो म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नये आणि मदतीला वेळ लावू नये. ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी त्याचा खास कक्ष उघडला.

शेजारणींनो, तुमच्याकडे एकच मागणे. अशा माणसाला वेडा म्हणू नका, आणि दिवाळीत फटाके लावण्यापूर्वी त्याच्या घरी एक निरोप धाडा. तेवढ्यानेही त्या घरची रात्र निभते.