आश्रयगृहांतील आजारी मांजर

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. त्याच पिंपरींतील एखाद्या बिऱ्हाडीं, आश्रयगृहांतून चार दिवसांसाठीं म्हणून, नाक चोंदलेलें, डोळे चिकटलेलें मांजर यावें. तेथें मात्र प्रतिजैविकांवर सर्वस्वीं विसंबून भागत नाहीं. मांजरांची ही सर्दी बहुधा विषाणुजन्य असते. औषध मागाहून शिरणाऱ्या जंतूंस आवरतें, इतकेंच. खरा घात उपासानें होतो. मांजर वासावर जेवतें. वास गेला कीं भूक गेली, आणि थोड्याच दिवसांच्या लंघनानें यकृत बिघडूं लागतें. म्हणून वैद्यास दाखवून, नाक ओल्या कापसानें पुसून, अन्न कोमट करून द्यावें. पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊं नये. मांजरास तें विषच होय. घरचें मांजर असल्यास पाहुण्यास निदान दोन आठवडे निराळ्या खोलींत ठेवावें. पुढें बशी स्वच्छ चाटली जाऊं लागली, कीं परत पाठविण्याची गोष्ट त्या घरांत सहसा कोणी काढीत नाहीं.