छंद नोंदवहीचा, आधार घराला

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मला आज 'शेतकरी कुटुंबातील छंद' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय ऐकून आमचे शेजारी म्हणाले, "शेतकऱ्याला कसला आलाय छंद? सकाळी औत, संध्याकाळी धार आणि रात्री मोटार." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आपल्या नांदेड-लातूरच्या शिवारात छंद नाही असे घर मला अजून दिसलेले नाही. कोणाला भजनाचा नाद, कोणाला कुस्तीचा, तर कोणाला जनावरांचा. आमच्या घरात तीन पिढ्यांचे तीन छंद होते. ते एका वहीत कसे आले आणि त्याचा घराला काय उपयोग झाला, तेवढेच आपणांस सांगतो.

आबांचा नाद

आमचे गाव लातूर-नांदेडच्या शिवेवर, अहमदपूर आणि कंधार यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. जमीन बारा एकर, बहुतेक कोरडवाहू. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, लाल कंधारी जनावरांचा नाद होता. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू झाली की आबा घरी थांबत नसत. विकायचे काही नसले तरी जायचे, शिंगे पाहायची, खूर पाहायचे, चाल पाहायची. उदगीर-देवणीकडची देवणी जनावरे आली की तिथेही तास-तास उभे राहायचे. परंतु आबांना लिहिता येत नव्हते. गाय कधी फळली, कधी विणार, सारा हिशेब डोक्यात. वय झाले तसा तो हिशेब चुकू लागला. माझा छंद म्हणजे भजनात टाळ धरणे. त्यातून घराचे नुकसान नव्हते, पण हिशेबही नव्हता.

दोनदा केलेली पेरणी

आता माझी चूक सांगतो. एका वर्षी मृगात एक जोराची सर आली. पावसाचा आवाज मोठा होता, अंगणात पाणी साचले. शेजाऱ्यांच्या तिफणी बाहेर पडल्या, मग मीही थांबलो नाही. एकरी तीस किलोप्रमाणे पाच एकरांत दीडशे किलो सोयाबीन मातीत घातले. पुढे पंधरा दिवस ऊन पडले. वरचे बोटभर रान ओले आणि खाली कोरडे, अशी स्थिती होती. उगवलेले करपले, न उगवलेले कुजले. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आमच्या कारभारणीच्या पाटल्या गहाण ठेवल्या. बंधूंनो, त्या पाटल्या पुन्हा घरी आल्या नाहीत.

त्याच हिवाळ्यात शाळेत गुरुजींनी मुलांना घरी पाऊस कसा मोजायचा ते शिकविले. पुढच्या मृगात आमच्या मुलीने मोकळ्या जागेत बरणी मांडली आणि दररोज वहीत आकडा लिहू लागली. मी हसलो. पण आठ दिवसांनी पुन्हा तिफणी निघाल्या तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सगळा मिळून चाळीस मिलिमीटरच झालाय." विद्यापीठाची शिफारस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करण्याची आहे. त्या वर्षी आम्ही थांबलो आणि एकच पेरणी पुरली.

थांबणे प्रत्येक वेळी फायद्याचे ठरते असेही मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका वर्षी थांबता-थांबता जुलैचा पहिला आठवडा उलटला आणि मूग-उडदाची वेळ निघून गेली. त्याऐवजी तूर घेतली. परंतु निर्णय शेजाऱ्याच्या तिफणीकडे पाहून घेतला नाही, एवढे समाधान होते.

पर्जन्यमापक घरी कसा करावा

१. सरळ उभ्या भिंतीची, सपाट बुडाची काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी घ्यावी. गळा अरुंद असलेली बाटली चालत नाही.

२. झाड किंवा घर यांपासून, त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर मोकळ्या जागेत बरणी ठेवावी. ती कलंडू नये म्हणून भोवती दगड लावावेत.

३. दररोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, लिहावी आणि पाणी ओतून द्यावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. शून्य लिहिणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आज मोबाईलवर महसूल मंडळाचा पाऊस कळतो. तो अवश्य पाहावा. परंतु ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मंडळाचा आकडा म्हणजे आपल्या रानाचा आकडा नव्हे.

रेल्वेचे पाणी आणि रानातले पाणी

जुलै २०१५ ची आमच्या वहीतील पाने शून्यांनी भरलेली आहेत. त्या दुष्काळात मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आले. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने वहीच्या मागच्या पानावर गणित केले. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. म्हणजे १२५ मिलिमीटर पाऊस पडला की आपल्या एका एकरावर ती पूर्ण रेल्वेगाडी रिकामी होते.

मी ते पान दोन-तीनदा वाचले. इतके पाणी बांध फोडून, माती घेऊन ओढ्याला जात होते. त्या उन्हाळ्यात फुटके बांध नीट केले, उताराला आडवी पेरणी सुरू केली आणि सोयाबीनच्या दर चार ओळींनंतर एक सरी काढू लागलो. २०१६ च्या सप्टेंबरअखेर आपल्याकडे धो-धो पाऊस झाला. तेव्हा त्याच सऱ्यांनी जादा पाणी बाहेर काढण्याचेही काम केले.

'कोणी काय केले'

वहीत हळूहळू रकाने वाढले. आबा बाजेवर बसून सांगायचे आणि नात लिहायची: गाय कोणत्या दिवशी माजावर आली, कधी भरविली. एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर आली का, तेही पाहिले जाई. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, हे आबा जाणतच होते, पण आता दिवस मोजायला वही होती.

मुलीने आणखी एक रकाना आखला, 'आज कोणी काय केले'. वर्षअखेर तिने तो वाचून दाखविला. पावसामुळे, यात्रेमुळे, भजनामुळे माझे बरेच दिवस रिकामे निघाले. तिच्या आईचा एकही दिवस रिकामा नव्हता. खुरपणी, धार, शेण, स्वयंपाक आणि रोज विहिरीवरून दोन वेळा पाणी. कारभारीण फक्त एवढेच म्हणाली, "लिहिलं म्हणून दिसलं."

त्यावर मला उत्तर देता आले नाही. पोळ्याला बैलांसाठी नवीन झुली घेण्याचे ठरले होते. ते पैसे आबांनी स्वतःच पाइपासाठी दिले आणि विहिरीचे पाणी दारापर्यंत आणले. त्या पोळ्याला बैल जुन्याच झुलीत मिरविले.

वेळ अमावस्येचे वाचन

माळेगावची यात्रा सुरू झाली की लगेच वेळ अमावस्या येते. आपण सारे रानात जातो, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करतो, भज्जी आणि आंबील यांचा आस्वाद घेतो. आमच्या घरी त्या दिवशी जेवणानंतर वर्षाची वही मोठ्याने वाचण्याचा रिवाज आहे. कोणाची चूक निघते, कोणाची चेष्टा होते, पण भांडण होत नाही, कारण जे आहे ते ज्याने-त्याने सांगून लिहिलेले असते.

आबा आता नाहीत. मुलगी सासरी गेली. वही सूनबाई लिहितात. पाऊस पडला की मुलीचा सकाळीच फोन येतो, "बाबा, किती झाला?" मी खुशालीच्या आधी मिलिमीटर सांगतो. आबांनी सांगितलेली शेवटची नोंद अशी आहे: 'तांबडीला आज हिरवा चारा जास्त घातला.' मोजायला गेले तर ती बिनकामाची नोंद आहे. तरी दरवर्षी कोपीत ती वाचतो आणि कारभारीण आंबिलीचा एक पेला आबांच्या नावाने बाजूला ठेवते.

बंधू-भगिनींनो, टाळ धरा, बैल सजवा, यात्रेला जा. परंतु येत्या मृगाआधी एक शंभर पानी वही आणि एक बरणी घरात आणा. वही लिहिण्याचे काम घरातील लेकराकडे द्या आणि त्यात घरधनिणीचा रकाना विसरू नका. पाटल्या गेल्यावर मला हे सुचले. आपणांस त्याआधी सुचावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवितो.