धर्माचे विद्यापीठीय अध्ययन आणि आपण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी वैरागमधला कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम. या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. तरी तो मी मागून घेतला, कारण माझ्याकडून झालेली एक चूक सांगावयाची आहे. काही वर्षांपूर्वी समाजातील एका मुलीने प्राकृत घेऊन एम.ए. करण्यासाठी साहाय्य मागितले होते. "हे शिकून मिळकत काय होणार?" असे विचारणारा मीच होतो. अर्ज बाजूला पडला.

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात होते. मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीतील धवलेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके केवळ दर्शनासाठी राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांच्या नकला करविण्यासाठी पुढाकार घेतला. धन व्यापाऱ्यांचे होते. परंतु नक्कल म्हणजे अध्ययन नव्हे. पहिला खंड छापून निघाला १९३९ साली, अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. सोळा खंड पूर्ण होण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. तागा कितीही भारी असो, तो उलगडून पन्हा मोजणारा लागतोच.

सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये असेच. मुंबई विद्यापीठातून १९३० साली एम.ए. होऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवू लागले. १९३५ साली त्यांनी संपादित केलेला कुंदकुंदाचार्यांचा 'प्रवचनसार' विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. पुढे सोलापूरच्या ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली बहुतेक सर्व संपत्ती, सुमारे दोन लाख रुपये, १९४४ साली जैन संस्कृती संरक्षक संघाच्या कार्यास दिली. त्यांच्या ग्रंथमालेत 'तिलोयपण्णत्ती'चे संपादन डॉ. उपाध्ये व डॉ. हिरालाल यांनीच केले. दोशींनी मिळकतीचा प्रश्न विचारला असता तर?

काही ज्येष्ठांना वाटते की, विद्यापीठात शास्त्राकडे सामान्य पुस्तकासारखे पाहतात, काल विचारतात, पाठभेद काढतात, त्याने श्रद्धा ढळेल. मलाही तसेच वाटत असे. परंतु पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाकडून अक्षर सुटते, ओळ गळते. त्याची चूक आचार्यांच्या माथी राहू देण्यात कोणती भक्ती? मंदिरातील स्वाध्याय आत्म्यासाठी आहे, तो सोडा असे कोण म्हणतो? पण शुद्ध पाठ हाती आल्यावरच स्वाध्याय करावयाचा ना!

आज मार्ग पूर्वीइतका अवघड नाही. पुणे विद्यापीठात शेठ हिराचंद नेमचंद यांच्याच नावाचे जैन अध्यासन स्थापन झाले. लाडनूच्या जैन विश्वभारतीस १९९१ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. आपली मुले मात्र णमोकार मंत्राची भाषा कोणती, हेही सांगू शकत नाहीत. दोष त्यांचा नाही.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात अभियांत्रिकी, वैद्यकीय व वाणिज्य असे रकाने आहेत. त्यांत प्राकृत व जैनविद्येचा एक रकाना वाढवावा, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे. पहिल्या विद्यार्थ्याचे, वा विद्यार्थिनीचे, दोन्ही वर्षांचे शुल्क माझ्या नावे लिहून घ्यावे. त्या मुलीच्या घरी जाऊन क्षमा मी मागून आलो आहे.

जय जिनेंद्र!