जकात कुणाची, झळ कुणाला?



आमच्या घरात एक वाक्य नेहमी ऐकू यायचं, ‘साडेतीन टक्क्यांपायी माळ गेली.’ लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १९२५च्या संपात आजीची पुतळ्यांची माळ गहाण पडली आणि ती पुन्हा सोडवता आली नाही. पण त्या माळेचा आणि साडेतीन टक्क्यांचा संबंध काय, हे समजायला मला बरंच वाचावं लागलं. तीच हकिकत आज सांगणार आहे. कारखानदार कायदे करणाऱ्यांकडे जाऊन ‘आमच्या धंद्याला संरक्षण द्या’ असं म्हणतात, तेव्हा त्याची झळ कुणाकुणाला पोचते, हे त्यातून कळतं.

सुरुवात मँचेस्टरपासून करायला हवी. मुंबईत गिरण्या वाढू लागल्या तेव्हा परदेशी कापडावर हिंदुस्थानात पाच टक्के जकात होती. ती सरकारी खजिन्यासाठी होती. पण तिच्या आडोशाने मुंबईच्या गिरण्या वाढतील अशी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना धास्ती वाटली. १८७४ साली त्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सने अर्ज केला. लँकेशायरमधून निवडून येणारे खासदार होतेच. १८७७ साली हाउस ऑफ कॉमन्सने ही जकात उठवावी असा ठराव केला. १८७९ साली व्हाइसरॉय लिटन यांनी स्वतःच्या कौन्सिलचं बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात काढली आणि १८८२मध्ये उरलीसुरलीही गेली. कायदा दिल्ली-कलकत्त्याला लागू व्हायचा, पण त्याची सूत्रं मँचेस्टरहून हलायची.

पुढे खजिन्यात खडखडाट झाला, तेव्हा १८९४ साली कापडावर पुन्हा जकात बसवावी लागली. लँकेशायरने लगेच ओरड केली. त्यावर तोडगा निघाला तो असा : १८९६पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर. म्हणजे पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे, म्हणून घरच्या पोरांकडूनही तेवढेच घ्यायचे! त्यातही गंमत अशी, की इथल्या गिरण्यांतलं बरंचसं कापड जाडंभरडं. त्याची लँकेशायरच्या कापडाशी स्पर्धाच नव्हती. तरी कर त्यालाही लागला. पुण्यात टिळकांनी याविरुद्ध मोहीम उघडली, विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. बंगालच्या फाळणीच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट.

मुंबईचे गिरणीमालकही स्वस्थ नव्हते. त्यांची संघटना १८७५पासून होती. निवेदनं, शिष्टमंडळं, कायदेमंडळातली भाषणं, सगळं चालू होतं. त्यांची मागणी न्याय्य होती यात शंका नाही. परदेशी कापडावरची जकात १९२१पर्यंत वाढत वाढत अकरा टक्क्यांवर गेली, पण हा साडेतीन टक्क्यांचा काटा काही निघेना.

मग आली १९२५ची मंदी. मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सरकारने अबकारी कर उठवला तर कपात मागे घेऊ, असंही सांगितलं. सप्टेंबरात संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. आजोबांनी घरच्यांना आगबोटीने कोकणात पाठवलं आणि स्वतः चाळीतच राहिले. वाण्याने उधारी बंद केली, तेव्हा गावाहून माळ आली आणि ती सावकाराकडे गेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला व्हाइसरॉयने वटहुकूम काढून अबकारी कर तहकूब केला. मालकांनी कपात मागे घेतली, संप मिटला. पुढच्या वर्षी तो कर कायमचा रद्द झाला. तीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे झालं नाही, ते चुलीवरची भांडी पालथी पडली तेव्हा झालं. मागणी मालकांची होती, उपास कामगारांचे होते.

मला प्रश्न पडतो तो यापुढचा. कर उठला, त्याचा फायदा कामगारापर्यंत किती काळ टिकला? तीन वर्षांच्या आत एका कामगाराने जास्त साचे चालवायचे, माणसं कमी करायची, असा बेत आला आणि १९२८मध्ये सहा महिन्यांचा संप झाला. आजोबा त्यातही होते. या वेळी गहाण टाकायलाही काही नव्हतं.

केंद्रीय कायदेमंडळात ना. म. जोशी होते. मालकांच्या बाजूने बोलणारे तिथे पुष्कळ होते, कामगारांच्या बाजूने बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९२४ साली पोलादाला संरक्षण देणारा कायदा आला, तेव्हा जोशींनी कामगारांचा प्रश्न मांडला. जनतेच्या खिशातून उद्योगाला आधार द्यायचा, तर त्यात राबणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हे विचारायला नको का?

कामगाराचं तरी दिसत होतं. शेतकऱ्याचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसे. जपानी कापड स्वस्तात येऊ लागलं तेव्हा गिरणीमालकांच्या आग्रहावरून त्यावरची जकात चढत गेली. १९३३मध्ये ती ७५ टक्के झाली. जपानने काय केलं? हिंदुस्थानचा कापूस घ्यायचंच बंद केलं! वऱ्हाड-खानदेशातला आखूड धाग्याचा कापूस घेणारं हे मोठं गिऱ्हाईक. अखेर १९३४ साली करार झाला. जपानने अमुक इतक्या गाठी कापूस घ्यायचा, तर अमुक इतके वार कापड इथे आणायचं. मुंबईच्या गिरणीला दिलेल्या छत्रीचं पाणी यवतमाळच्या शेतात असं ठिबकत होतं.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं पाहा. २०२१ साली परदेशी कापसावर आयात शुल्क बसलं. ते एकूण अकरा टक्के पडायचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लादला. कापड उद्योगाने दिल्लीत धाव घेतली आणि कापसावरचं शुल्क काही महिन्यांसाठी उठलं. उद्योगाची अडचण खरी होती. पण ते उठलं नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, आणि विदर्भातला शेतकरी विचारत होता, मग माझं संरक्षण कुठे गेलं?

संरक्षण वाईट, असं मी म्हणत नाही. कोवळ्या रोपाला कुंपण लागतंच. पण कुंपण मागायला जे दिल्लीला जातात, ते सगळ्या वाडीच्या नावाने मागतात. ते मिळालं की पाणी मात्र आपल्याच वाफ्यात वळवतात. म्हणून ‘देशी उद्योगाच्या हितासाठी’ असं वाचलं की आपण तीन प्रश्न विचारावेत. हे कुंपण किती वर्षांसाठी? त्याचे पैसे कोण देणार? आणि आतल्या राबणाऱ्याला लेखी काय मिळणार?

आजोबांना टक्केवारी समजत नव्हती असं नाही. चांगली समजत होती. १९२५ साली कपात मागे घेतली गेली, तेव्हा त्यांना मजुरी पूर्वीइतकीच मिळू लागली. संपाच्या दिवसांचा पगार मात्र मिळाला नाही. माळ गेली, ती गेलीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)